हाताची घडी, पायांची मांडी

तीन वर्षांच्या मुलाला शाळेत घालायचं तर आधी त्याच्या आईबापांना शाळा बघत हिंडावं लागतं. पुण्यात हा हंगाम दिवाळीचा आकाशकंदील उतरायच्या आतच सुरू होतो. नातीसाठी लेक-जावयाबरोबर मीही काही ठिकाणी गेलो. लेकीच्या मोबाइलमध्ये प्रश्नांची यादी तयार होती. वर्गात एसी आहे का? कॅमेरे किती, आणि ते ऑफिसातून बघता येतात का? फोनिक्स कधी सुरू करता? दुसरी भाषा कोणती? या शेवटच्या प्रश्नाला एका ठिकाणी ‘फ्रेंच’ असं उत्तर आलं. ‘शू आली’ एवढं पहिल्या भाषेत वेळेवर सांगता आलं तरी या वयाला पुष्कळ झालं, असं माझं मत होतं. पण यादीत माझ्या मताला रकाना नव्हता.

सगळं विचारून झाल्यावर मी म्हटलं, “बाई, पोरं पळतात कुठं?”

बाईंचा चेहरा गंभीर झाला. “नाही सर, आमच्याकडून एकही मूल पळून गेलेलं नाही. गेटला बायोमेट्रिक आहे.”

मला धावण्याबद्दल विचारायचं होतं, हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं आणि त्या आम्हाला ‘आउटडोअर प्ले एरिया’ दाखवायला घेऊन गेल्या. बंगल्यात कधीकाळी मोटार उभी राहायची तिथं हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं. भिंतीवर जंगल रंगवलं होतं. जिराफ होता, सिंह होता, वेलींना लोंबकळणारी तीन माकडं होती. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कृपया भिंतीला हात लावू नये’. कोपऱ्यात कासवाच्या आकाराचा प्लास्टिकचा हौद होता आणि कासवाच्या पाठीचं झाकण घट्ट लावलेलं होतं. “हा सँडपिट. वाळू आम्ही फक्त फ्रायडेला उघडतो. आणि काळजी करू नका, सॅनिटाइज केलेली असते.” लेकीनं समाधानानं मान हलवली. एवढ्यात नात त्या झाकणावर चढून बसली होती आणि खाली उडी मारायच्या बेतात होती. बाईंनी तिला अलगद उचलून गवतावर ठेवलं आणि आईला गोड आवाजात विचारलं, “घरीही अशीच असते का? थोडी हायपर वाटते.”

तीन वर्षांचं मूल उडी मारायला बघतं, तेव्हा ते आपलं वय पाळत असतं. त्या वयात मूल गप्प बसलं तर आमच्या आया कपाळाला हात लावून बघायच्या, ताप आहे का म्हणून. आता उलट झालंय. मूल हललं की आपण डॉक्टर शोधतो.

या चिमुकल्या शाळांना मैदान नसतं याला कायद्याचीही हरकत नाही. 2009 चा शिक्षणहक्क कायदा शाळेला मैदान हवं असं सांगतो, पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा कायदा. तीन ते सहा वयाची मंडळी त्याच्या उंबऱ्याबाहेर उभी. म्हणजे ज्या वयात पोरगं पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून आजोबांच्या पोटावर असा प्रवास करत असतं, त्या वयाला मैदान सक्तीचं नाही. ज्या वयात ते खुशाल कोपऱ्यात मोबाइल घेऊन पडून राहील, त्या वयाला आहे.

मग या शाळांत दिवसभर करतात काय? तर बसतात. बसून काय करतात? रेघा काढतात. नातीच्या पहिल्याच आठवड्यात वहीत ‘स्टँडिंग लाइन’ आली, मग ‘स्लीपिंग लाइन’, पुढं ‘स्लांटिंग लाइन’. रेघांना उभं राहायची, आडवं व्हायची, हवं तर कलंडायचीही मुभा. मुलानं मात्र मांडी घालून बसायचं, हाताची घडी, तोंडावर बोट. रेघ ठिपक्यांवरून नीट गेली नाही तर वहीत उदास चेहऱ्याचा शिक्का. तो शिक्का बघून घरात दोन दिवस सुतक असतं.

एक गंमत सांगतो, आणि ही कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारून खात्री करून घेता येईल. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यांतली जेमतेम दोन-तीन दिसतात. बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात, हाड व्हायची असतात. शेवटचं तर शाळेत चांगल्या तीन-चार इयत्ता झाल्यावर उगवतं. ज्या मनगटात अजून निम्मी हाडंही तयार नाहीत त्याच्याकडून आपण रेघ सरळ का नाही म्हणून जाब विचारतो. पेन्सिल धरायची ताकद बोटांत येण्याआधी ती खांद्यात आणि दंडात यावी लागते, आणि तिथं ती लोंबकळून, चढून, ढकलून, ओढून, बादलीभर पाणी सांडत नेऊन येते. भिंतीवरच्या त्या माकडांचं अक्षर सुंदर असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाकाठी किमान 180 मिनिटं अंगाची हालचाल करावी आणि त्यातली 60 मिनिटं तरी धाप लागेल अशी असावीत, असं त्यात म्हटलंय. एका वेळी तासाभराहून जास्त त्याला पट्ट्यानं गाडीत किंवा खुर्चीत बांधून ठेवू नये, पडद्यासमोर दिवसात तासाभरापेक्षा जास्त बसवू नये. आता योगायोग बघा. आमच्या नातीची शाळा नऊ ते बारा, म्हणजे बरोबर 180 मिनिटं. मी हिशेब करायला बसलो. सर्कल टाइममध्ये बसणं. स्मार्टबोर्डावर बडबडगीत बघत बसणं; गीतात ससा उड्या मारतो, त्याच्याकडे बघत बसणं. डबा खायला बसणं. रेघा काढायला बसणं. व्हॅन येईपर्यंत बसणं. मध्ये वीस मिनिटं ‘आउटडोअर’. त्यात आधी बूट घालणं, मग एकमेकांच्या फ्रॉकला धरून आगगाडी करणं, गाडीतला एक डबा रडायला लागला तर तो शांत होईतो थांबणं आणि त्या हिरव्या प्लास्टिकवर पोचून पाळीपाळीनं एकेक घसरगुंडी घेणं. परत येताना हात धुणं, बूट काढणं. धाप लागते ती मावशींना. शाळेची पुस्तिका मात्र ‘ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट’ या शब्दांना पानभर जागा देते, आणि त्याचाच शनिवारी वेगळा क्लास असतो, फी वेगळी.

मुलांना मोकळं हलू द्यावं हे परदेशातून आलेलं खूळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण शहाणपण आपल्याच दारात उगवलं होतं. ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि त्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला होता, 1926 मध्ये. बालशिक्षणात गाजलेल्या माँटेसरीबाईंची साधनं चकचकीत आणि महागडी. ताराबाईंनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं, काटक्या, खडे असं जे हाताला लागेल त्याची साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतली मोठी पोरं गुरं राखायला जायची, तर शाळा त्यांच्यामागं कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली, आणि बाई ऊन बघून जागा बदलतायत. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. आजच्या एखाद्या प्रवेश-समुपदेशक बाईंना कुरणशाळेची माहिती दिली तर त्या पहिला प्रश्न विचारतील, “पण मग सीसीटीव्ही कुठं लावायचा?”

त्या परंपरेतली अंगणवाडी सरकारनं 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू केली. माझ्या बहिणीच्या गावात ती मारुतीच्या देवळाला लागून आहे. खोली एवढीशी, त्यामुळे पोरं बाहेरच. ताई पारावर बसून मोबाइलवर सरकारी पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरत असतात, नेटवर्क येतं आणि जातं, आणि तोवर पोरं पाराच्या दगडावरून उड्या मारतात, पारंब्यांना लोंबकळतात, कुणाच्या तरी शेळीला पळवतात आणि शेळीनं उलटं पळवलं की देवळात घुसतात. कुकर मोकळा झाला, खिचडीचा वास आला की सगळी आपोआप गोळा. त्या गावातल्या आयांची तक्रार ठरलेली, “नुसती खेळतात हो, शिकवत काहीच नाहीत.” त्यांना तालुक्याच्या गावातली टाय लावणारी नर्सरी हवी आहे. तिची पिवळी व्हॅन रोज सकाळी पारासमोरून जाते. आतली पोरं काचेला नाक लावून शेळीकडे बघत असतात.

बरं, शाळा खेळाच्या बाबतीत अगदीच हात आखडता घेतात असंही नाही. वर्षातून एकदा ‘स्पोर्ट्स डे’ असतो. त्यासाठी भाड्यानं खरंखुरं मैदान घेतात. तयारी महिनाभर आधी सुरू होते आणि तयारीत मुख्यतः रांगेत न हलता कसं थांबायचं ते शिकवतात. आमच्या नातीचा स्पोर्ट्स डे मी डोळ्यांनी पाहिला. फक्कीनं धावपट्ट्या आखल्या होत्या. पट्ट्यांच्या या टोकाला चार-चार वर्षांची सहा मुलं, त्या टोकाला त्यांचे बाराच्या बारा आईबाप मोबाइल उंच धरून, आणि मध्ये जेमतेम वीस पावलांचं अंतर. शिट्टी वाजली. एक पोरगा ढोलवाल्याकडे गेला. एकीनं खाली बसून फक्की मुठीत घेतली आणि ती शेजारणीच्या डोक्यावर शिंपडली. शेजारीण खूश झाली, तिनंही घेतली. एक जण सरळ धावत आला, पण शेवटच्या रेघेच्या आधी थबकला, कारण रेघेवर पाय द्यायचा नाही असं त्याला महिनाभर शिकवलं होतं. एक कानावर हात ठेवून होता तिथंच उभा.

आमची नात मात्र पहिली आली. आली ती थांबलीच नाही. रेघ ओलांडली, आईला ओलांडलं, पाहुण्यांचा मंडप डावीकडं टाकला आणि मोकळ्या मैदानात सुटली. एवढी मोठी, कुणी हिरवं प्लास्टिक न अंथरलेली जमीन तिनं कदाचित पहिल्यांदाच बघितली असावी. एक मिस तिच्या मागं धावल्या. मिस धावतायत हे दृश्य बाकीच्यांना नवीन होतं, त्यामुळे ती पाचही त्यांच्या मागं धावली. मग पुढच्या शर्यतीसाठी शिस्तीत उभी असलेली रांग फुटली. पाहता पाहता साठ-सत्तर पोरं, आठ मिस, तीन मावशी आणि एक ढोलवाला मैदानभर गोल गोल. कुणी कुणाला पकडायचं हे ठरलेलं नव्हतं, तरी खेळ बिनचूक चालला होता. माइकवरून, “सर्व मुलांनी ताबडतोब जागेवर बसून घ्यावे,” अशी सूचना चालूच होती. पाच-दहा मिनिटांनी सगळ्यांना गोळा करून सतरंजीवर मांडी घालून बसवण्यात आलं आणि प्रमुख पाहुणे उभे राहिले. ते अर्धा तास बोलले. विषय होता, ‘बालवयात खेळाचे महत्त्व’.

घरी परतताना लेक म्हणाली, “बाबा, किती लाज वाटली मला.” मी गप्प राहिलो. नात रिक्षात मांडीवर गाढ झोपली होती, केसांत फक्की, आणि त्या दिवशी तिनं संध्याकाळी दुधीची भाजी न सांगता खाल्ली. दुधीची भाजी खायला लावणारा दुसरा कुठलाही शैक्षणिक उपक्रम मला माहीत नाही.

जपानमध्ये तोक्योजवळ ताचिकावाला ‘फुजी’ नावाची एक बालशाळा आहे. तेझुका या वास्तुविशारद जोडप्यानं 2007 मध्ये ती बांधली. इमारत कड्यासारखी लंबगोल आणि तिचं छप्पर म्हणजेच मैदान. मुलं त्या छपरावर गोल धावतात. कडं असल्यामुळे धावण्याला शेवटच नाही. तीन जुनी झाडं न तोडता छपरातून वर येऊ दिली आहेत, त्यांच्याभोवती जाळी, पोरं जाळीत पडून लोळतात. तिथली मुलं सकाळच्या वेळात सरासरी चार किलोमीटर धावतात असं तेझुका सांगतात. त्यांना धावा म्हणून कुणी सांगत नाही. आपल्याकडे कुणी अशी शाळा काढलीच तर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहापर्यंत छपराला लोखंडी ग्रील बसेल, आणि झाडांची फांदी पडण्याच्या भीतीनं महापालिकेकडे अर्ज जाईल.

बाहेर पळण्याचा फायदा डोळ्यांनाही होतो. पोरांना चष्मे फार लागायला लागले म्हणून तैवाननं 2010 पासून शाळेतल्या मुलांना रोज 120 मिनिटं घराबाहेर काढायची मोहीम हाती घेतली. बाहेरच्या लख्ख उजेडात डोळ्याचा गोळा लांबट होण्याची चाल मंदावते, असं नेत्रतज्ज्ञ मानतात. ऊन आपल्याकडे फुकट आहे, इतकं आहे की आपण त्याला शिव्या देतो. तरीही आपण पोरांना पडदे ओढून बसवतो आणि व्हिटॅमिन डीचे थेंब विकत आणतो.

शाळेला नावं ठेवून झाली, आता बागेत चला. संध्याकाळी कुठल्याही बागेत घसरगुंडीपाशी उभे राहा. प्रत्येक मुलामागं एक मोठं माणूस असतं आणि त्या माणसाचं तोंड थांबत नाही. “हळू!” “धर नीट!” “पडशील!” “शिडीवरून ये, तिकडून नाही!” पोराला घसरगुंडी खालून वर चढायची असते. सगळ्या पोरांना असते. त्यात हात, पाय, पोट, पाठ सगळं लागतं, आणि निम्म्यावर जाऊन परत घसरण्यात जी मजा आहे ती शिडीनं जाण्यात नाही. मोठ्यांना मात्र यात बेशिस्त दिसते. मुलगा पडतो, उठतो, आणि आधी आपल्या तोंडाकडे बघतो. रडायचं की नाही, हे अजून ठरलेलं नसतं. आपण “अगंबाई!” म्हटलं की मग तो भोकाड पसरतो. गुडघ्याला खरचटणं, कपाळाला टेंगूळ ही आमच्या वेळची घरगुती हजेरी होती. हळद दाबायची आणि पुन्हा बाहेर. हल्ली खरचटलं तर शाळा ‘इन्सिडंट रिपोर्ट’ भरून घेते आणि खाली पालकांची सही.

आणि बागही लांबची गोष्ट झाली. चार वर्षांच्या पोराचं खरं मैदान म्हणजे जिना उतरून खाली. तिथं काय आहे? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पत्र्याची पाटी आहे. ‘सोसायटीच्या आवारात क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन, सायकल, स्केटिंग तसेच इतर कोणतेही खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ मागच्या लॉनवर दुसरी पाटी, ‘लॉनवर चालू नये’. वाचता येत नसल्यामुळे पाच वर्षांखालची पोरं अजून तरी खेळतात. शाळा त्यांना इतक्या घाईनं वाचायला का शिकवतात, याचं मला सुचलेलं हे एकमेव कारण.

ज्यांच्या सहीनं ही पाटी लागली ते गृहस्थ रोज संध्याकाळी त्याच लॉनकडेच्या बाकावर बसतात आणि आम्हाला आपल्या लहानपणच्या विटीदांडूच्या गोष्टी सांगतात. विटी कुणाच्या खिडकीत गेली, काच कशी फुटली, कुंपणावरून उडी मारून आपण कसे निसटलो. रंगात येऊन सांगतात, चांगलं सांगतात. शेवट ठरलेला, “हल्लीच्या पोरांना मैदानी खेळच माहीत नाहीत हो.” तेवढ्यात एखादा चेंडू टप्पा खात बाकापाशी येतो. साहेब तो उचलतात, खिशात घालतात आणि वॉचमनला हाक मारतात.

तेव्हा वाचकहो, शाळेचं धोरण दिल्लीत ठरतं. 2022 मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात तीन ते आठ वयाच्या मुलांनी खेळातून शिकावं असंच लिहिलंय. ते आपल्या गल्लीपर्यंत झिरपेल तेव्हा झिरपेल. पार्किंग मात्र आपल्या हातात आहे. संध्याकाळी पाच ते सात निम्म्या गाड्या अजून ऑफिसात असतात आणि जागा रिकामी पडलेली असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. त्याच्या आत सचिवांना साधं पत्र द्या: पाच ते सात या वेळात पार्किंगची एक बाजू मुलांना मोकळी ठेवावी, सायकल-चेंडूसह, आणि वाळूचा एक ट्रक आणावा. वाळूला झाकण नको, हेही लिहा. विरोध होणार, काचांचा मुद्दा निघणार, मेंटेनन्सचा निघणार. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही-शिक्क्यासह पोच मात्र आठवणीनं घ्या.